तिसरी चकती

सोमवारी सकाळी साडेदहाला तिसरी चकती तीनशे नव्वद किलोवर सुटली आणि माझं डोकं फिरलं.

आधीच्या दोन चांगल्या निघाल्या होत्या. पहिली साडेबाराशे किलोची ओढ सोसून सुटली, दुसरी त्याहून थोडी जास्त. तिसरीला मशीनने जेमतेम ताण द्यायला सुरुवात केली, आणि टक्! एवढासा आवाज. काटा तीनशे नव्वदवर थांबलेला. अरे देवा म्हणायची मला सवय नाही, नाहीतर तेही म्हटलं असतं.

माझं नाव प्रेमिला रामटेके. १९८८ साली मी नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या धातुशास्त्र विभागात चाचणीच्या मशीनवर होते. कागदावर माझ्या कामाला लांबलचक नाव होतं, पण काम एकच. दुसऱ्यांनी जीव लावून बनवलेली वस्तू मोडून बघायची आणि ती किती वजनावर मोडली ते लिहायचं. अशा बाईशी कोण गोड बोलणार! बोलतही नव्हतं कुणी. मीही कुणाशी गोड बोलत नव्हते, हिशेब सरळ होता.

त्या वर्षी आमच्या विभागप्रमुखांनी, वझलवार सरांनी, एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. खुब्याचा सांधा कायमचा बिघडला की धातूचा सांधा बसवतात. त्याची लांब दांडी मांडीच्या हाडात आत जाते. ती दांडी तोवर एका प्रकारच्या सिमेंटने घट्ट करायचे, आणि माणूस वयाने लहान असला की ते सिमेंट काही वर्षांत हलायला लागायचं. सरांचं म्हणणं असं, की हाड ज्या खनिजाचं बनलेलं असतं त्याच खनिजाचा पांढरा, पातळ थर दांडीवर चढवला तर हाड स्वतःच दांडीला धरून वाढेल. कल्पना झकास होती. पण हाडाने थर कितीही घट्ट धरला आणि थरानेच धातू सोडला, तर काय उपयोग? म्हणून दरेक दांडीबरोबर त्याच धातूच्या तीन चकत्या ठेवायच्या. एकाच ताटात, एकाच दिवशी, एकाच हाताने दोन्हींवर थर चढवायचा. दांडी तर मोडून बघता येत नाही, मग तिच्या जागी मी चकत्या मोडायच्या. साडेसातशे किलोच्या खाली एक जरी सुटली, तरी ती दांडी बाद. हा नियम सरांनीच लिहिला होता.

आणि ही दांडी दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी आठ वाजता, रुख्मिणी हेडाऊच्या मांडीत जाणार होती.

रुख्मिणी म्हणजे देवरावभाऊंची बायको, आणि देवराव हेडाऊ म्हणजे आमचे थर चढवणारे. त्यांच्या बंदुकीतून अशी ज्वाळा निघायची की खनिजाची भुकटी तिच्यात वितळून धातूवर जाऊन आदळायची. ते काम विभागात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. महाल या जुन्या वस्तीत दोन खोल्यांत राहायचे. घरचा पिढीजात धंदा विणकामाचा. रुख्मिणी लग्नाआधीपासून मागावर बसायची. अडतिसाव्या वर्षी तिचा उजवा खुबा गेला. चार वर्षं झाली, न्हाणीघरापर्यंत जायलाही तिला भिंत धरावी लागायची. माग कधीच विकून टाकला होता. पहिली दांडी कुणाला बसवायची यावर विभागात फार चर्चा झालीच नाही. ती स्वतः म्हणाली, मले बसवा. ऑपरेशन करणारे डॉक्टर साळपेकर बुधवारी विमानाने इंग्लंडला जाणार होते, दोन वर्षांसाठी. हे काम करायला तयार असलेला दुसरा डॉक्टर गावात नव्हता. म्हणून मंगळवार.

आता सांगते मला राग कशाचा आला. दांडी शनिवारीच लकडगंजातल्या साळपेकरांच्या नर्सिंग होममध्ये पोचली होती. मी म्हटलं होतं, सर, चाचणी झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही. सर म्हणाले, "फक्त निर्जंतुक करायला देतोय. सोमवारी तू आकडे दे, मी फोन करतो." गेल्या सहाही वेळेला चकत्या उत्तम निघाल्या होत्या ना, त्यामुळे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीसुद्धा.

मी तिसरी चकती भिंगाखाली घेतली. चकतीचा थर गोंदाने एका खुंटीला चिकटवतात आणि मग दोन्ही बाजूंनी ओढतात. गोंद कमी पडला तर थर चकतीवर जसाच्या तसा राहतो, आणि चूक माझी. इथे तसं नव्हतं. मधोमध धातू उघडा पडला होता, स्वच्छ, करडा. बोटाच्या पेराएवढी गोल जागा. तिच्या भोवती थर फाटून निघालेला, पण त्या गोलात पांढऱ्याचा कणही नाही. थराने तिथे धातू कधी धरलाच नव्हता.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. दार वाजवलं की नाही आठवत नाही.

"दोन पास आहेत ना?" सरांनी चष्मा काढला. "मग तिसरीचा गोंद असेल."

"गोंद नाही सर. धातू उघडा पडला आहे. तुम्ही बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "एका चकतीसाठी मी साळपेकरांना काय सांगू? कारण काय सांगू? ती बाई आज सकाळी भरती झालीय. पैसा देणारे दिल्लीचे लोक पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत."

"दिल्लीच्या लोकांच्या मांडीत बसवायची आहे का दांडी?"

हे मी बोलायला नको होतं. सर वाईट माणूस नव्हते. तीन वर्षं दारोदार फिरून त्यांनी हे काम उभं केलं होतं आणि त्या क्षणी ते घाबरले होते. घाबरलेला माणूस आवाज चढवतो, तसा त्यांनी चढवला.

"तीन वाजेपर्यंत कारण शोध. सापडलं तर मी स्वतः फोन करतो. नाही सापडलं तर तिसरीसमोर गोंदाचा दोष लिही आणि सही कर. मी अंदाजावर ऑपरेशन थांबवणार नाही."

साडेचार तासांत मी कारण शोधायचं! मी आधी नोंदवही काढली. थर चढवण्याआधी धातूवर बारीक कणांचा मारा करून तो खडबडीत करतात, मग धुऊन चार तासांच्या आत फवारणी. चार तास म्हणजे चार तास, कारण तसा धातू हवेतली घाणही ओढून घेतो. वहीत होतं: खडबडीत करणे, बुधवार, सकाळी अकरा. धुणे, बारा. फवारणी, शुक्रवार. मी दोनदा वाचलं. बुधवार, मग एकदम शुक्रवार. समोर देवरावांचं अक्षर: गॅसचं सिलिंडर आलं नाही, माल बंद डब्यात ठेवला.

बुधवार आणि गुरुवार मी रजेवर होते. गुरुवारी दसरा. आमच्याकडे तो दिवस दीक्षाभूमीचा असतो. गावाकडून अठरा माणसं नंदनवनच्या आमच्या दोन खोल्यांत उतरली होती आणि मी दोन दिवस चुलीपुढून हलले नव्हते. मी असते तर वहीत असला बुधवार-शुक्रवार होऊच दिला नसता. आता बोलून काय फायदा!

बाराच्या सुमाराला मी फवारणीच्या खोलीत गेले. देवराव निघायच्या तयारीत होते. नवा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हातात रुख्मिणीसाठी संत्र्यांची पिशवी.

"या बाई. मी निघूनच राहिलो होतो. झाल्या ना पास?"

"शुक्रवारी काहून फवारलं?"

"गुरुवारी सुटी, मंग सिलिंडर शुक्रवारी आलं. लिहिलं आहे ना वहीत."

"पुन्हा खडबडीत केलं? पुन्हा धुतलं?"

"डब्यातच तर होतं," देवराव म्हणाले. "बंद डबा. त्याले काय होते?"

मी तिसरी चकती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. आणि मग माझ्या देखत एक गोष्ट घडली. त्यांच्या उजव्या हाताचं अंगठीचं बोट आपोआप त्या उघड्या जागेवर गेलं. बरोबर बसलं. ना कमी ना जास्त.

त्यांनी बोट असं काढलं, जणू चटका बसला. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

बुधवारी नवमी होती. कारखान्या-वर्कशॉपांतून त्या दिवशी मशीनची पूजा होते. आमच्या विभागातही व्हायची. माझ्या मशीनला मी कधी कुणाला कुंकू लावू दिलं नाही. पहिल्याच वर्षी यावरून भांडण झालं होतं आणि त्यानंतर ते लोक मी नसताना करायचे आणि मी यायच्या आत पुसून ठेवायचे. मला माहीत होतं. मी दुर्लक्ष करायची. मशीनला लावा नाहीतर भिंतीला लावा, मला काय! पण ताटातल्या मालाला?

"देवरावभाऊ, ताट पूजेत ठेवलं होतं?"

त्यांनी चकती उलटी करून टेबलावर ठेवली.

"सांगा ना! तीन वाजता सरायले कारण सांगायचं आहे मले!"

"ठेवलं होतं," ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. "मशीनसमोर. सगळेच ठेवतात आपलं आपलं काम."

"नुसत्या कुंकवानं असं होत नाही. ते झटकलं की जाते."

"कोरड्या धातूवर कुंकू धरत नाही बाई. आधी तेलाचं बोट लावा लागते."

तेल! खडबडीत केलेल्या धातूवर तेल! तो धातू म्हणजे खड्डेच खड्डे, एकेका खड्ड्यात ते जाऊन बसलं असणार. वरून पांढरा थर एकसारखा चढला, दिसायला देखणा, आणि खाली तेलाचा पापुद्रा.

"पुसलं मी शुक्रवारी. चांगलं पुसलं कापसानं."

"कापसानं? वीस वर्षं झाले हे काम करून राहिले तुमी! नव्या माणसाले तुमीच शिकवता, साधं बोट लागू देऊ नको म्हणून! अन् स्वतः तेल लावता? घरच्या माणसाच्या मालाले?"

मी किती ओरडले असेन याचा मला अंदाज नाही, पण बाजूच्या खोलीतलं घासण्याचं मशीन कुणीतरी बंद केलं. देवराव संत्र्यांची पिशवी छातीशी धरून उभे होते.

"चकत्यांत कितीले लावलं?"

"एकीलेच. वरची होती तिले."

"अन् दांडीले?"

त्यांनी डावा हात वर केला आणि पाचही बोटं दाखवली.

एक बोट लागलेली चकती बाकी दोघींच्या निम्म्याच्याही खाली सुटली होती. दांडीवर पाच. आत गेल्यावर पाऊल टाकलं की ओढ बसणार, एकेक पापुद्रा सुटणार, ते कण सांध्यात जाऊन दळले जाणार, हाड खाणार. दांडी डुलायला लागणार. मग पुन्हा मांडी उघडायची, आणि त्या वेळेपर्यंत बसवायला हाड उरलं असेल तर नशीब. हे मी देवरावांना सांगायची गरज नव्हती. सरांनी हे सगळं आम्हा दोघांना एकाच दिवशी, एकाच फळ्यावर शिकवलं होतं.

ते स्टुलावर बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, गोंद लिहून द्या ना."

"काय?"

"गोंद लिहा. दोन तर पास झाल्या. डॉक्टर परवा चालले. दुसरी दांडी नाही आहे आपल्यापाशी, धातूच नाही आहे. तुमाले माहीत आहे ती कशी चालते ते? रात्री उठा लागलं तर मले उठवत नाही, रांगत जाते. मी झोपल्याचं सोंग करतो, तिले लाज वाटू नये म्हणून." त्यांनी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "मी चांगलं पुसलं होतं. एखाद्या वेळी पाचही धरून असतील. नाही निघणार. काहून निघन?"

खरं सांगते, मी हलले. मी काही दगड नाही. वही माझ्या हातात होती, पेन खिशात. गोंद, दोन अक्षरं. दोष माझ्याकडे आला असता, सरांची सुटका, साळपेकरांची सुटका, देवरावांची सुटका. आणि रुख्मिणी सहा आठवड्यांत चालली असती. कदाचित वर्षभर चालली असती. कदाचित दहा वर्षं. ते कदाचित माझ्या डोक्यात असं घुसलं की मी पेनचं टोपण काढलं. हो, काढलं.

"तुमी तिच्यासमोर जाऊन हे म्हणून दाखवा," मी म्हटलं. "का पाचही धरून असतील म्हणून. तिले सगळं सांगा, अन् ती ‘चालते’ म्हणाली, तर मी गोंद लिहीन."

भिंतीवरचं घड्याळ एक वाजल्याचं दाखवत होतं. मग देवराव उठले, हत्यारांच्या खणातून आखणीची टोकदार पोलादी सुई घेतली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला."

सर जागेवर नव्हते, बैठकीला गेले होते. टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि मी देवरावांच्या लुनावर मागे बसले. देवराव एरवी फार जपून गाडी चालवायचे. त्या दुपारी महालाच्या गल्ल्यांतून त्यांनी ती अशी काढली की दोन रिक्षावाल्यांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

नर्सिंग होममध्ये रुख्मिणी कोपऱ्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. मोठी, सावळी, हसऱ्या तोंडाची बाई. केस धुतलेले. उजव्या मांडीवर जांभळ्या औषधाचे पट्टे ओढून ठेवलेले, ते तिने मला पातळ बाजूला करून दाखवले, एखादं लुगडं दाखवावं तसे.

"पाहा वं प्रेमिलाबाई, नवरीसारखं रंगवून ठेवलं मले! बसा ना. हे काहून असे तोंड पाडून उभे आहेत?"

देवराव संत्र्यांची पिशवी खाटेखाली ठेवायला वाकले. तेवढ्यात साळपेकर डॉक्टर आत आले, आणि पुढचं सगळं मीच सांगितलं. तेल, कुंकू, चकती, तीनशे नव्वद. साळपेकर ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

"पण वझलवारांचा मघाशी फोन येऊन गेला. दोन पास, एकीत गोंदाचा दोष. सगळं ठीक."

तीन वाजेपर्यंत म्हणाले होते सर! "ते ठीक कागदावर माझ्या सहीनं होते डॉक्टरसाहेब, अन् माझी सही नाही झाली."

"अहो बाई, मी परवा चाललोय. या बाईंना मी आज बारा महिने थांबवलंय. एका चकतीवर आणि कुंकवाच्या गोष्टीवर मी ऑपरेशन रद्द करू? बाकी दोन चकत्या खोट्या?"

"दांडीवर बघा ना. यायले माहीत आहे कुठं कुठं बोट लावलं ते."

"डबा उघडून तिच्यावर ओरखडा काढला की ती उद्या बसत नाही, कळतंय का तुम्हाला? थर चांगला निघाला तरी नाही. चांगली वस्तू तुम्ही हातानं घालवाल." ते देवरावांकडे वळले. "तुमची बायको आहे. तुम्ही सांगा."

देवरावांनी रुख्मिणीकडे पाहिलं. तिचं हसू गेलं होतं, पण ती घाबरलेली नव्हती. ती नवऱ्याकडे असं बघत होती की जणू तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त समजलं होतं.

"इथंच उघडा," ती म्हणाली. "माह्या समोर. माहा पाय आहे."

नर्सने डबा आणला. साळपेकरांनी वरचं कापड सोडलं. दांडी मी पहिल्यांदाच तयार झालेली पाहिली. शुभ्र, गुळगुळीतही नाही आणि खरखरीतही नाही, कुठे डाग नाही. असं काम देवरावांच्या हातून पुन्हा झालं नसेल. त्यांनी ती डाव्या हातात धरली आणि खिशातून सुई काढली.

"पहिलं वर लावलं होतं. खांद्यापाशी."

सुई टेकवून त्यांनी जोर दिला. कर्र. पांढरी भुकटी पडली, बारीक रेघ उमटली. थर जागचा हलला नाही.

"दुसरं या बाजूनं."

पुन्हा तसंच. रेघ, भुकटी. थर घट्ट. साळपेकरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि मोठा श्वास सोडला. "झालं समाधान? इतका सुंदर बसलेला थर. वाया घालवलात तुम्ही."

हे मी काय करून बसले! मी, मी ओढून आणलं त्याला इथे. चांगला सांधा त्या माणसाने स्वतःच्या हाताने खरवडला, माझ्या तोंडामुळे. रुख्मिणीकडे बघायची माझी छाती झाली नाही. देवरावांच्या नाकावरून घाम टपकत होता. त्यांनी तो बाहीने पुसला, दांडी अर्धी फिरवली आणि मधोमध सुई टेकवली. या वेळी जोरही दिला नाही.

टिक्कन एक पापुद्रा उडाला आणि चादरीवर पडला. फुटाण्याच्या सालाएवढा. दांडीवर गोल भोक, आत करडा धातू चमकत होता.

चौथ्या जागेला सुईचं टोक लागलं न लागलं तोच तिथलाही निघाला. पाचवी कुणी बघितलीच नाही. देवरावांनी दांडी डब्यात ठेवली आणि हात मागे घेतले.

साळपेकर बोलायला लागले ते थांबेचनात. "उद्याचं रद्द. आणि तुम्ही, तुम्ही लोक विज्ञानाच्या कॉलेजात काम करता! शरम वाटायला पाहिजे. असली अंधश्रद्धा! एवढ्या वर्षांचा कारागीर माणूस, काय लावायचं नि काय नाही याची अक्कल नाही?"

मी सकाळपासून मनात हेच म्हणत होते, शब्दन् शब्द. आणि आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला ते सहन होईना. देवराव मान खाली घालून ऐकत होते.

"त्यायले काहून बोलून राहिले डॉक्टरसाहेब?" रुख्मिणी म्हणाली.

"चूप वं," देवराव पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले.

"काहून चूप? मी म्हटलं होतं. माह्या करंड्यातलं कुंकू देलं मी पुडीत बांधून. म्हटलं, माह्या नावानं पाच बोटं लावजा." ती डॉक्टरांकडे बघून बोलत होती, पण डोळ्यांतलं पाणी गालावर उतरलं होतं. "हे नाहीच म्हणत होते. म्हणे, त्याले काही लागू द्यायचं नसते, माहं रोजचं काम आहे, मले माहीत आहे. दोन दिवस नाही म्हटलं यायनं. मंग मी रडली. मले भेव लागत होतं ना, एवढं लोखंड अंगात जाणार म्हणून. मी रडली, तं हे घेऊन गेले."

साळपेकरांनी दांडीचा डबा उचलला, नर्सला हाताने खूण केली आणि ते बाहेर पडले. मला फवारणीची खोली आठवली. मी घसा फोडून विचारत होते, वीस वर्षं काम करता तरी तेल लावलं? आणि त्या माणसाने सगळं स्वतःवर घेतलं होतं. आपल्याला नियम ठाऊक नव्हता, आपण मूर्ख आहोत, असंच त्याने मला वाटू दिलं होतं. तिचं नाव काढलं नव्हतं.

रुख्मिणीने चादरीवरचा पापुद्रा बोटाने टिपला आणि माझ्यापुढे धरला.

"हे आतमध्ये निघालं असतं?"

"हो."

"चालताना?"

"हो. हळूहळू."

तिने मान हलवली. पापुद्रा खाटेशेजारच्या ताटलीत ठेवला, मांडीवर पातळ ओढून घेतलं, ते जांभळे पट्टे झाकले.

"मंग आता कधी?"

डॉक्टर दोन वर्षं नव्हते. धातू नव्हता. झाला प्रकार सरांना दिल्लीला कळवावा लागणार होता, म्हणजे काम चालू राहील की नाही तेही नक्की नव्हतं. चाचणीच्या वहीत मी जन्मात खोटा आकडा लिहिलेला नाही, त्या दिवशीही नाही. संध्याकाळी परत जाऊन मी तीनशे नव्वदच लिहिले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, तेलाचा अंश. पण तेव्हा, त्या खाटेपाशी, ती माझ्याकडे बघत होती.

"दिवाळीनंतर," मी म्हटलं. "दुसरे डॉक्टर येऊन राहिले मुंबईचे. दिवाळी झाली का लगेच."

तिचा चेहरा उजळला. ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलं ना? दिवाळी झाली का लगेच."

देवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मुंबईचं कुणी येणार नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"हव," ते म्हणाले, आणि पिशवीतून एक संत्रं काढून तिच्यासाठी सोलायला बसले.